शेजारी म्हणून कोण चालेल?

लोकांच्या घरी जाऊन त्यांना प्रश्न विचारणं हे माझं काम आहे. मतं कुणाला देणार हे आम्ही विचारत नाही. आमचे प्रश्न रोजच्या जगण्याचे असतात. घरात भाजी कुणाच्या आवडीची होते, सुनेनं नोकरी केली तर चालेल का, पोराच्या लग्नाचं कोण ठरवतं, म्हातारपणी कुणाकडं राहणार. टॅबवर प्रश्न येतो, तो आहे तसा वाचायचा, उत्तराच्या चौकोनावर बोट ठेवायचं आणि पुढं जायचं. साताऱ्यात आमचं प्रशिक्षण झालं तेव्हा पुण्याहून आलेल्या बाईंनी बजावलं होतं, की प्रश्न समजावून सांगायचा नाही, मान हलवायची नाही आणि उत्तर आवडलं तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही. हे शेवटचं मला जमायला वेळ लागला.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आटपाडी तालुक्यातलं कोरडं गाव आमचं. बाबा ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडायचं काम करतात. आई रोजगारानं जाते. बी.ए.ला मला समाजशास्त्र होतं, आणि त्यात वाचलेलं काम मी प्रत्यक्ष करतोय याचा मला अभिमान होता. आजही आहे. तो कुणाला जास्त वाटत असेल तर वाटू दे.

त्या प्रश्नांतला एक प्रश्न असा होता: खालीलपैकी कोणते लोक तुम्हाला शेजारी म्हणून चालणार नाहीत? मग एकेक वाचायचं. दुसऱ्या धर्माचे, दुसऱ्या जातीचे, परप्रांतातले, लग्न न करता एकत्र राहणारे, दारू पिणारे. प्रत्येकाला चालतील किंवा चालणार नाहीत असं उत्तर घ्यायचं. हा प्रश्न आला की लोक हुशारतात. पाटणला एक आजोबा दारू पिणाऱ्यापाशी अडले. बायकोकडं बघून म्हणाले, "चालणार न्हाई म्हणलो तर मलाच भाईर झोपाय लागंल. चालंल म्हणून लिवा." कुंडलला एका बाईंनी प्रश्न पुरा होऊच दिला नाही. "शेजारी कोण नको? आता हाय ती नको. लिवा की, का थांबलासा?" असलं काही लिहायला टॅबमध्ये जागा नसते.

पण जातीचं वाचलं की सगळीकडं एकच उत्तर यायचं. कुणीही चालेल. वर एखादं वाक्य फुकट मिळायचं. आता तसलं काय राह्यलं न्हाई. आमी मानत न्हाई. रक्त एकच हाय की सगळ्यांचं. सुरुवातीला मी हे ऐकून मनातल्या मनात सुखावत होतो. बोट चौकोनावर ठेवताना वाटायचं, गावात बाबांनी जे बघितलं ते आता मागं पडलं, आणि ते मागं पडल्याची नोंद आपल्या हातानं होतेय. यापेक्षा चांगलं काम ते कोणतं.

सांगलीत विश्रामबागेच्या पुढं नवी घरं झालीत तिकडं एक रिटायर सुभेदार राहतात. आमच्या सर्व्हेची पद्धत अशी, की एकदा घर निवडलं की दर वर्षीच्या फेरीला त्याच घरात जाऊन त्याच माणसाला तेच प्रश्न विचारायचे. मतं बदलतात का ते त्यातून कळतं. सुभेदारांचं घर माझ्या वाट्याला आलं. पलूसकडं त्यांची उसाची जमीन आहे, ती भाऊ बघतो. मुलगा फौजेतच, उत्तरेत कुठंतरी. घरात नवराबायको दोघंच, आणि वरच्या मजल्यावर बांधल्यापासून रिकामी खोली.

पहिल्या फेरीला सुभेदार ताठ बसून उत्तरं देत होते, जशी काही हजेरी चाललीय. शेजाऱ्याच्या प्रश्नाला म्हणाले, "साहेब, फौजेत आमी एका लंगरात जेवलोय. पंजाबी, मद्रासी, आन् सगळ्या जातीचं. आमाला काय विचारताय. कुणीबी चालंल. दारू पिणारासुद्धा चालंल, फकस्त मिलिटरी कँटीनचा आमचा बाटलीचा कोटा मागायचा न्हाई." मी हसलो. नियम मोडला, पण हसलो.

उत्तर देणारा एकटा असावा असा आमचा नियम आहे. सुभेदारांच्या घरात तो पाळणं अवघड. त्यांच्या बायको स्वयंपाकघराच्या पडद्याआडून सगळं ऐकत होत्या. प्रश्न संपले तसा चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता आमी विचारतो. पावणं कुठलं?"

आमच्या भागात हा प्रश्न म्हणजे एक आख्खा सर्व्हेच असतो. मी गाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांचं माहेर आमच्या गावापासून जवळच, मधे एक माळ आणि एक ओढा. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. तर तेच त्यांचं माहेरचं आडनाव निघालं. माझं आडनाव आमच्याकडं चारपाच जातींत सापडतं, त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही.

"गावात ऱ्हाता का वस्तीवर?" त्यांनी विचारलं.

"वस्तीवर," मी म्हणालो.

"आमीबी वस्तीवरलीच," त्या म्हणाल्या. "गावात कोण हाय आता. भाऊ समदं गलाईच्या धंद्यात. सोनंचांदी आटवत तिकडं लांब दक्षिणंत जाऊन बसलं. मळ्याला कुलूप हाय. माझ्या माहेरचं माणूस ह्या उंबऱ्याला यिऊन किती वर्सं झाली, ह्यास्नी विचारा." सुभेदारांनी मान डोलावली. मी त्यांना काकी म्हणालो तर म्हणाल्या, "काकी कशापायी? आत्या म्हण. माहेरचा हायस तू."

मला ते गैर वाटलं नाही. आमच्याकडं गावच्या नात्यानं अख्खं गाव एकमेकांचं काहीतरी लागतं. गावात पाणी सोडायला गेले की बाबांनाही चार उंबऱ्यांवरून मामा म्हणून हाक येते. मग जवळच्या गावची लेक आत्या म्हणवून घेते, यात काय विशेष. मी म्हणालो आत्या. त्यांनी मला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरून दिला.

दुसऱ्या फेरीला सुभेदारांच्या तोंडी मी 'साहेब'चा 'पावणं' झालो. तिसऱ्या फेरीपर्यंत सुभेदार मला 'गड्या' आणि 'अरं' वर घेऊन आले होते. मधल्या काळातही मी जात राहिलो. सांगलीत मी चार पोरांबरोबर एका खोलीत राहायचो, जेवण मेसचं. आत्यांच्या घरची भाकरी मिळाली की आठवडा बरा जायचा. त्यांच्या टीव्हीचं बिघडलेलं मी बघायचो, मुलाला व्हिडिओ कॉल लावून द्यायचो. तो तिकडून ओरडायचा, "आई, फोन कानाला लावू नको, मला तुझा कानच दिसतोय." आत्या म्हणायच्या, "मग कान बघ. कितींदा म्हणत हुतास, ऐकाय आईला कानच न्हाईत."

आणि दर फेरीला मी तो प्रश्न वाचायचो. दर फेरीला सुभेदार तेच उत्तर द्यायचे. कुणीही चालेल. तिसऱ्यांदा तर म्हणाले, "अरं, पाठ झालंय की तुला. लिव आन् म्होरं चल."

माझ्या धाकट्या बहिणीला तिसऱ्या फेरीच्याच वर्षी सांगलीच्या एका नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरात त्या दिवशी आईनं सण नसताना पुरणपोळी केली. पण हॉस्टेलच्या यादीत तिचं नाव लागलं नाही, आणि गावाहून रोज येऊन जाऊन करणं शक्य नव्हतं. मी राहत होतो ती खोली पोरांची. मी हे आत्यांना सांगितलं तेव्हा खोली मागायचं माझ्या मनात नव्हतं. आपलं काय चाललंय ते सांगतो माणूस, तसं सांगितलं.

"मग वरची खोली काय कबुतरास्नी ठेवलीया व्हय?" आत्या म्हणाल्या. "आण की तिला. मला तेवढीच सोबत. माझ्या भाच्यागत तू, तशी ती भाची."

मी सुभेदारांकडं बघितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "विचारायचं काय त्यात. भाडं जे ठरंल ते ठरंल. पोरगी शिकतीया हे मोठं."

मी गावी फोन केला. बाबा एकदम हो म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "माणसं कशी हाईत?" मी म्हणालो, "बाबा, मी त्यांना ओळखतो. तसली नाहीत." हे मी छातीठोकपणे सांगितलं. मला वाटत होतं, की एखाद्या माणसाबद्दल माझ्याइतकी खात्रीनं माहिती कुणाकडं असेल? मी त्यांना समोर बसवून विचारलं होतं, एकदा नव्हे, तीनदा.

कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं. रविवारी बाबा आणि बहीण गावच्या एकाच्या टेम्पोतून सामान घेऊन आले. ट्रंक, वळकटी, गॅसची छोटी शेगडी, ज्वारीची पिशवी, आणि आत्यांसाठी पाटीभर डाळिंबं. तुमच्या माहेरकडची डाळिंबं म्हणून द्यायची, असं बहिणीनं वाटेत ठरवलं होतं. मी फाटकाशी थांबलो होतो. टेम्पोचा आवाज ऐकून सुभेदार पायऱ्यांवर आले. धुतलेला पांढरा सदरा घातला होता त्यांनी, पाहुणे येणार म्हणून.

"या, या पावणं," ते म्हणाले. "रामराम."

बाबांनी खांद्यावरची ट्रंक खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "जय भीम, सुभेदारसाहेब."

आम्ही बौद्ध. बाबा आयुष्यभर सगळ्यांना जय भीमच म्हणत आले. पाणी सोडायला गेल्यावर पाटलांच्या दारातही तेच म्हणतात. मुद्दाम म्हणत नाहीत. त्यांना दुसरं काही म्हणायची सवय नाही.

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादं गणित चुकलं आणि कुठं चुकलं ते सापडत नाही, तसं. मग तेही म्हणाले, "जय भीम, जय भीम. बसा तुमी," आणि आत गेले. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. टेम्पोवाला सामान उतरवायला लागला तर बाबा त्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे जरा." त्यांना कळलं होतं. मला नव्हतं. मी म्हणालो, "उतरव की, कशाला थांबतोस."

सुभेदार बाहेर आले. "त्याचं काय झालंय," ते म्हणाले, "खोलीचं जरा काम निघालंय. वरनं पाणी झिरपतंय. पोरीच्या अंगावर प्लास्टर पडलं म्हंजी काय घ्या."

"परवा मी वर जाऊन आलो. कोरडं होतं," मी म्हणालो.

"परवा न्हवतं. काल निघालं."

बाबा उठले. "चल," एवढंच म्हणाले.

"थांबा बाबा. सुभेदार, खरं काय ते सांगा."

"खरंच सांगतोय. तुमी शिकल्यालं हाईसा. तुमी समजून घ्यायला पायजे."

परवापर्यंत मी 'तू' होतो. तीन फेऱ्यांत कमावलेला तो 'तू' त्यांनी एका वाक्यात काढून घेतला आणि त्या जागी मान दिला. इतका मान मला त्या घरात कधीच मिळाला नव्हता.

पडदा हलला आणि आत्या बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल होते. मला आधी वाटलं, आपल्या बाजूनं बोलायला आल्यात. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू मला वस्तीवरला म्हणालास."

"वस्तीवरलाच आहे मी, आत्या."

"वस्ती म्हंजी मळ्यातली वस्ती. रानातली. आमच्याकडं तिलाच वस्ती म्हणत्यात."

"आमच्याकडं आमच्या घरांना वस्ती म्हणतात. गावाच्या कडेला, समाजमंदिराजवळ."

"मग फोड करून सांगायचं हुतं की."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"असं कुणी तोंडावर विचारतं का रं?" आत्या म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "माझ्या माहेरचं माणूस म्हणून मी तुला जीव लावला. फसवलंस तू मला."

हे मला आजही पचलेलं नाही. फसवला गेलो तो मी, सामान घेऊन दारात बसली ती माझी बहीण, आणि फसल्यासारख्या रडत होत्या त्या. मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो. गाव खरं, आडनाव खरं, वस्ती खरी. त्यांनी त्या शब्दात स्वतःचा मळा बघितला, कुलूप लागलेला, भाऊ निघून गेलेला. आणि मी आपलं घर. एकाच शब्दावर दोन वर्षं आम्ही आत्याभाचे होतो.

मी सुभेदारांकडं वळलो. "तोंडावर कुणी विचारत नाही म्हणतात आत्या. मी तर तोंडावर विचारलं होतं. तीनदा. दुसऱ्या जातीचे चालतील का."

"अरं, ते शेजारी," सुभेदार म्हणाले. चुकून पुन्हा अरं आलं त्यांच्या तोंडात. "शेजारी कोणबी असू दे. भिंतीपल्याडचा माणूस. आमची काय हरकत हाय? हे घरात हाय. जिना आतनं हाय गड्या."

यात ते मला फसवायला बघत नव्हते. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. प्रश्न शेजाऱ्याचा होता, त्यांनी शेजाऱ्याचं उत्तर दिलं. जिन्याचं मी कधी विचारलंच नव्हतं.

मग बहीण उठली. तिनं आत्यांजवळ जाऊन हळू आवाजात विचारलं, "आत्या, उद्यापासनं कॉलेज हाय. आठ दिवस तरी ऱ्हाऊ द्या. मी दुसरीकडं बघते." मी दिलेलं नातं तिनं वापरलं. तिला आदल्या रात्री फोनवर मीच सांगितलं होतं, काकी नको, आत्या म्हण, त्यांना आवडतं. आत्या खाली बघत म्हणाल्या, "माझ्या हातात काय हाय बाई." माझी बहीण कुणापुढं हात पसरत नाही. बारावीला वर्गात पहिली आलेली पोर ती. तिला तिथं तसं उभं केलं ते मी, माझ्या खात्रीनं.

बाबांनी ट्रंक परत टेम्पोत ठेवली. डाळिंबांची पाटी पायरीवर राहिली होती. बहीण ती उचलायला लागली तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यांच्यासाठी आणलेली." टेम्पोत आम्ही तिघं सामानात बसलो.  स्टँडपाशी मी उतरताना बाबांनी मला विचारलं, "वळखतो म्हणालास ते काय बघून?"

रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याकडं उत्तर होतं, पण ते बाबांना सांगण्यासारखं नव्हतं. टॅबवरची उत्तरं बघून, असं कसं सांगणार.

ते दोघं सामानासकट गावी परत गेले. संध्याकाळी फोन आला तेव्हा बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे औंदा. फुडल्या वर्षी बघू." आमच्या घरात पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे मला माहीत आहे. माझ्या थोरल्या चुलतबहिणीचं शिक्षण असंच पुढच्या वर्षी बघू म्हणून संपलं, आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मी काही बोलायच्या आत बहिणीनं बाबांच्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "दादा, मी सकाळच्या पहिल्या गाडीनं येते. बाबांना कोणी विचारलंय? तू सुट्टी टाक."

अहवालाच्या घाईमुळं आमचं ऑफिस रविवारीही उघडं होतं, सुट्टी टाकायला मी तिथं गेलो. आमच्या सुपरवायझरांच्या टेबलावर अहवालाचा मसुदा पडला होता, सातारा आणि सांगली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांचा. त्यांनी कौतुकानं उघडून दाखवला. शेजाऱ्याच्या प्रश्नाचा रंगीत आलेख होता, आणि खाली लिहिलं होतं, की या भागातल्या लोकांचा दृष्टिकोन अधिकाधिक उदार होत असल्याचं दिसतं. त्या रंगात माझी बोटं होती. किती उंबरे झिजवले होते मी त्यासाठी, पाटणच्या डोंगरातले, कुंडलच्या मळ्यांतले.

"सर, हे खरं नाही," मी म्हणालो आणि जे झालं ते सांगितलं.

त्यांनी शांतपणं ऐकून घेतलं. चांगला माणूस आहे. म्हणाले, "वाईट झालं. पण लोक काय म्हणतात ते आपण मोजतो. ते काय करतात, ते मोजायला वेगळा सर्व्हे लागतो." मग मसुदा मिटत म्हणाले, "आणि तसा सर्व्हे करायचं काम आपल्याला कुणी दिलेलं नाही."

त्यावर मी बराच विचार केलाय. लोक खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. ते समोरच्याकडं बघून उत्तर देतात. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, शुद्ध बोलणारं पोरगं. अशा पोरासमोर काय म्हणायला हवं ते आता सगळ्यांना माहीत झालंय. असल्या सर्व्हेतून कळतं ते एवढंच, की चारचौघांत काय म्हणणं शोभतं याची माहिती घरोघरी पोचलीय. बाबांच्या तरुणपणी तीही पोचली नव्हती. ते म्हणतात, तेव्हा तोंडावर सांगायचे. यात काय कमी लागतं आणि काय जास्त, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला तरी तोंडावर सांगितलेलं सोसलं असतं. दोन वर्षं भाकरी खाऊ घालून मग जिना दाखवला, ते सोसलं नाही. पुढच्या फेरीला मी ते घर माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीला दिलं. सुभेदारांनी तिला काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.

बहीण त्या सोमवारी सकाळी आली ती एकटी, एक पिशवी आणि वळकटी घेऊन. आधी कॉलेजात जाऊन तिथल्या बाईंना भेटली. त्यांनी सांगितलं, पहिला आठवडा हजेरीचा आहे, गैरहजर राहिलीस तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. मग आम्ही मिरजेकडं खोल्या शोधायला निघालो. रिक्षा सोबत ठेवली, कारण वळकटी घेऊन किती फिरणार. पहिल्या दारात मी बोलायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "दादा, तू गप बस. तू लय गोड बोलतोस. मी विचारते."

तिची पद्धत वेगळी होती. नमस्कार केला की लगेच म्हणायची, "आम्ही बौद्ध आहोत. चालत असंल तर खोली बघते, न्हाईतर इथनंच जाते." प्रशिक्षणातल्या बाईंना हे अजिबात आवडलं नसतं. पहिल्या घरी बाई म्हणाल्या, मालकांना विचारून सांगते, आणि फोन नंबर न घेता दार लावलं. दुसरीकडं दारावर खोली भाड्यानं देण्याची पाटी होती. आतले गृहस्थ पाटी काढत काढत म्हणाले की खोली कालच गेली. बहीण रिक्षात बसताना म्हणाली, "बघ, किती पटकन कळलं. तुला दोन वर्षं लागली."

तिसरं घर एका पिको-फॉल करणाऱ्या बाईंचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, साड्यांचे ढीग, वर मुलींना भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या. जिना बाहेरून होता. ते मी आधी बघितलं. बहिणीनं आपलं वाक्य म्हटलं. बाईंनी मशीन थांबवलं नाही.

"मटण करशील वर?" त्यांनी विचारलं.

"रविवारी."

"वास खाली यितो. मग वाटीबी खाली यिऊ दे. पाणी सकाळचं एकदाच येतंय, भरून ठेवायचं. नवापतूर घरात. आन् ह्यो कोण?"

"भाऊ."

"भाऊ खालीच. वर पुरुष चालणार न्हाई. सख्खा असला तरी."

बहीण हसली. कालपासून पहिल्यांदाच हसली. वळकटी मी उचलायला गेलो तर बाईंनी नुसतं बघितलं माझ्याकडं, मग बहिणीनंच ती खांद्यावर टाकली आणि एका हातानं कठडा धरत वर गेली. मला बाईंनी साड्यांच्या ढिगाशेजारी स्टूल दिलं. पाणी दिलं. मी ते प्यालो. पण माझं लक्ष बाईंच्या तोंडाकडं होतं. आता म्हणतील, वरच्या पोरींना विचारते. आता म्हणतील, काम निघालंय. माणूस हो म्हणाला की पूर्वी माझं बोट आपोआप चौकोनावर जायचं. आता हो ऐकलं की मी दाराकडं बघतो.

बाहेरून रिक्षावाल्यानं हाक मारली, "दादा, जाऊ का मी?"

"थांब जरा," मी म्हणालो.

वर खिडकी उघडल्याचा आवाज आला. बहीण वाकून म्हणाली, "दादा, सोड की त्याला. मी सामान लावतेय."

मी हो म्हणालो, आणि तरी त्याला थांबवून ठेवलं.